डावरीची डोंगी

चुडामण : माय, ह्या डोंगीत कुणाचा तरी हात फिरलाय. मी लामावर, लढाईच्या चाकरीला गेलो तेव्हा जाळं पुढच्या टोकाशी असायचं. आता ते मधल्या खुंट्यांवर टांगलंय. गळांची टोपली उजवीकडं होती, ती डावीकडं आली. आणि ही राखेची पुरचुंडी कशाला? डोंगीत कुणी राख ठेवतं का?

धनुबाई : परवा त तू घर उना, पोरा. तीन वरीस बसराले राहीसन. आजना दिन तरी घरमा बठ. डोंगी काय पळी जाई ऱ्हायनी?

चुडामण : बसतो. पण आधी हे सांग. पत्रात तुम्ही लिहून घेतलं होतं की सुकराम डोंगी नेतो आणि निम्मी मासळी घरी आणून देतो. तिकडं आगबोटीवर ते पत्र मी दहा वेळा वाचून घेतलं. आता बघतो तर हे सुकरामचं काम नाही. ह्या गाठी बघ, सगळ्या उलट्या वळणाच्या. बांधणारा डावरा आहे. बसायची फळी वीतभर पुढं घेतलीय, म्हणजे पायानं आखूड. आपल्या प्रकाशाच्या घाटावर डावरा आणि ठेंगणा भोई कोण आहे?

धनुबाई : तसा भोई कोनी नही.

चुडामण : मग?

धनुबाई : भोईन शे. तठे चुल्हापुढे भाकरी थापी ऱ्हायनी. हाक मारू का तुन्ही बायकोले?

चुडामण : जमना?

जमना : आले. तव्यावरची उतरवूनच आले. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी डोंगीतून खाली उतरा. तुम्ही उभे राहून डुलताय, गळांची टोपली कलंडेल.

चुडामण : तू डोंगी चालवतेस?

जमना : सव्वा वर्ष झालं.

चुडामण : आणि सुकराम?

धनुबाई : मानमोडीना तापमा गया बिचारा. ह्या घाटवर आठ दिनमा अकरा मानसं गयात. सुकराम तिसरा व्हता.

चुडामण : सुकराम गेला. आणि मला एका ओळीनं कळवलं नाहीत.

जमना : कळवून तुम्ही काय करणार होता? पोहत येणार होता? पत्र पोचायला दीड महिना, उत्तर यायला दीड महिना. तोवर आम्ही उपाशी मेलो असतो, नाहीतर जगलो असतो. जगलो तर मग सांगूच की, असं ठरवलं.

चुडामण : कोणी ठरवलं?

धनुबाई : मी. माले ताप, तिले ताप. घरमा मूठभर जवारीन्या कन्या. तिना ताप पहिले उतरना. मी सांगं, तुन्हा बापनी तुले वल्हं शिकाडं व्हतं ना? मंग जा. नदी आपली शे, डोंगी आपली शे.

जमना : मी म्हटलं, आत्याबाई, ते माहेरी. तिकडं गोदावरीला बंधारा आहे, पाणी थोपलेलं, संथ. आणि पोरीनं बापाच्या मागं बसलं तर कुणी काही म्हणत नाही. इथं तापी वाहती, आणि घाटावरचे म्हातारे बाईचा पाय डोंगीला लागू देत नाहीत. तुमच्या आई उठल्या. अंगात ताप, चालताना भिंतीला धरत होत्या. तशा घाटावर आल्या.

धनुबाई : डोंगी मी ढकली. ह्या दोन्ही हातसघाई.

चुडामण : लोक काय म्हणाले?

धनुबाई : बोलनात. बाईना पाय पडना, आते मासा पळी जाई, असं बोलनात. मंग त्यासनाच घरमा माशाना रस्सा गया, तव्हय गप व्हयनात.

जमना : पहिल्या दिवशी एक मरळ आणि ओंजळभर झिंगे, एवढंच. मरळ उकळली आणि पाच घरांत वाडगा वाडगा पाणी दिलं. घाटावरचे ते धुडकूकाका, सगळ्यात जास्त तेच ओरडत होते. त्यांना चार दिवस मीच पाजलं. आता मी निघाले की तेच डोंगीला हात लावतात.

चुडामण : बरं केलंत तुम्ही दोघींनी. खरंच बरं केलं. मी काही धोंडा नाही, मला कळतं. पण आता मी आलोय. उद्यापासून तू घरी बस, विश्रांती घे. डोंगी माझ्याकडं. आणि आज हे सगळं जागच्या जागी लावू.

जमना : जागच्या जागीच आहे.

चुडामण : हे? आगबोटीवर आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीचा होता. दोरीच्या एका वेटोळ्याची जागा चुकली तर रात्रीचं जेवण बंद. प्रत्येक वस्तूला खुंटी, प्रत्येक खुंटीला नाव. सगळं करकचून बांधलेलं. आगबोट उलटी केली तरी सुई पडली नसती.

धनुबाई : तवळपासून सारंग, सारंग. आनी बोलस बी त्यानाच मायेक. परवापासून मन्हा घरमा रत्नांग्रीना पाव्हना उतरेल शे.

जमना : हसू नका आत्याबाई, त्यांना सांगू द्या. काय काय चुकलंय ते एकेक सांगा तुम्ही.

चुडामण : जाळं. ते तळाशी, पुढं हवं. माझा बाप तिथंच ठेवायचा.

जमना : आणि दर वर्षी मामंजी नवं जाळं विणायचे. तळाशी पाणी साचतं, त्यात सूत कुजतं. दोन खुंट्यांवर टांगलं की वाऱ्यानं वाळतं. हे तुम्ही गेलात तेव्हाचंच जाळं आहे. एक पीळ तुटलेला दाखवा.

चुडामण : हं. आणि ह्या टोपलीच्या काठाला हे काय गुंडाळलंय?

जमना : उसाच्या पाचटाची वेणी. लांब दोरीचे साठ गळ आहेत. एकेक गळ ओळीनं वेणीत टोचून ठेवते, दोरी मधे गोल. सोडताना पहिल्यापासून एकेक सुटत जातो. गुंता होत नाही. तुम्ही होता तेव्हा निम्मी सकाळ गळ सोडवण्यात जायची. पायात रुतलेला गळ मीच काढला होता एकदा, आठवतंय?

चुडामण : आठवतंय. ह्या डब्याला सुतळी का?

जमना : पाणी उपसायचा डबा आहे. पहिला वाहून गेला. मग लुगड्याच्या ओच्यानं पाणी उपसत घरी आले.

चुडामण : सुरी कुठंय?

जमना : फळीखाली. बांबूच्या नळीत. बसल्या बसल्या हात खाली टाकला की मूठ हातात येते. गांडुळांचं मडकं मागं सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. भोपळे त्याच्यामागं, तेच तरंग म्हणून दोरीला बांधायचे. हलके आहेत, मागं ठेवले की डोंगी तोलात राहते.

चुडामण : सारंगाला ही टोपली आवडली असती.

जमना : मग राहू दे ना तशी.

चुडामण : टोपली राहू दे. पण सगळं डावीकडं आहे, जमना. माणूस उजव्या हातानं काम करतो.

जमना : मी नाही करत.

चुडामण : मी करतो.

जमना : करता?

चुडामण : म्हणजे काय?

जमना : काही नाही. असं करू. आज एक खेप दोघं जाऊ. पुढचा भाग तुमचा. तिथं तुमच्या सारंगासारखं लावा, बांधा, उजवीकडं ठेवा. मागचा भाग माझा. माझ्या भागाला हात लावायचा नाही. दुपारी परत आलो की तुम्ही म्हणाल तसं.

चुडामण : एका खोडाची डोंगी आहे. दोघं बसायची म्हणजे गुडघे गळ्याशी येतील.

धनुबाई : येऊ दे. नवं लगीन व्हयनं तव्हय याच डोंगीमा दोन्ही जन बठेल व्हतात, तव्हय गुडघा कोठे गयथात? जा. मी आठे घाटवर बठस.

(डोंगी संगमापासून वर, नदीच्या मधोमध. पुढं चुडामण, मागं वल्हं घेऊन जमना.)

जमना : इथं थांबते. त्या कातळाखाली खोल डोह आहे. तुम्ही जाळं टाका. मी डोंगी धरून ठेवते.

चुडामण : थांब, आधी गाठ सोडतो.

जमना : केवढी गाठ मारलीय.

चुडामण : आगबोटीची गाठ आहे. वादळात सुटत नाही.

जमना : वाऱ्याची झुळूकही नाहीय. सुटेना का?

चुडामण : ओली झाली, आवळली. सुटली. आता बघ.

जमना : बघतेय.

चुडामण : एकदा चुकलं. परत टाकतो.

जमना : टाका.

चुडामण : डोंगी हलली मधेच.

जमना : डोंगी हलली नाही. जाळं उघडलंच नाही, गोळा होऊन पडलं. दोन्ही वेळा. अहो, खाली बसा. बसा ना. परवा तुम्ही मुंडासं डाव्या हातानं बांधलंत. काल पाण्याचा तांब्या डाव्या हातानं उचललात. आईंनी पाठीवर हात ठेवला तर अंग चोरलंत. मी काही विचारलं नाही. आता विचारते. उजव्या हाताला काय झालं?

चुडामण : खांदा. आगबोटीच्या रहाटात दोर अडकला होता. तो मी सोडवायला गेलो आणि रहाट फिरला. खांदा उखडला. दोन महिने दवाखान्यात होतो. डॉक्टरानं बसवला, पण हात छातीच्या वर जात नाही. जाळं डोक्यावरून फिरवल्याशिवाय उघडत नाही, हे तुला मी सांगायला नको.

जमना : केव्हाची गोष्ट?

चुडामण : झालं वर्ष.

जमना : आणि मला एका ओळीनं कळवलं नाहीत.

चुडामण : कळवून तू काय करणार होतीस? पोहत येणार होतीस?

जमना : हसू नका. मला रडू येतंय.

चुडामण : तू पण हसतेसच की. जमना, खरं सांगू? येताना मुंबईपासून नंदुरबारपर्यंत आगगाडीत एकच विचार. जाळं टाकता न येणारा भोई म्हणजे कोण? घाटावर उतरल्यावर सगळ्यांना काय सांगायचं? मग डोंगीत आलो, तर माझी एक वस्तू जागेवर नाही. वाटलं, मी गेलो तेव्हाच माझी जागा गेली. म्हणून सारंग सारंग करत बसलो.

जमना : आणि मला वाटलं, तुम्ही आलात, आता नदी गेली. तुम्ही यावं म्हणून रोज केदारेश्वराला हात जोडत होते, आणि त्याच तोंडानं मनात म्हणत होते, ते आले की मला परत चुलीपुढं बसावं लागेल. कुणाला सांगणार हे? आईंनाही नाही सांगितलं. सकाळी धुकं पाण्यावरून उठतं ना, तेव्हा मी इथं एकटी असते. सगळ्या वस्तू हाताखाली, कुणाला काही मागायचं नाही. काठावरचा खंड्या पक्षीही मला ओळखतो असं वाटतं.

चुडामण : घरी बस म्हणालो मी.

जमना : म्हणालात.

चुडामण : ते... जमना, दोरी बघ. भोपळा बुडाला.

जमना : कुठला?

चुडामण : कडेचा. तू आधी लावून ठेवलेली दुसरी दोरी ना ही? परत बुडाला. ओढ, ओढ.

जमना : तुम्ही भोपळा धरा, मी दोरी घेते. सावकाश. जड आहे. वाम आहे, सापासारखी, चांगली हाताएवढी. ती वळवळतेय बघा. मासळीच्या टोपलीचं झाकण उघडा. तुमच्या पुढच्या टोपलीचं.

चुडामण : गाठ सुटत नाही.

जमना : कशाला बांधलं होतं झाकण?

चुडामण : आगबोटीवर बांधतात.

जमना : आत घेते. पाय वर घ्या. गळातून निसटली. अहो, तुमच्याकडं आली.

चुडामण : मन्हा पायखाले गयी. माय वं, धोतरमा घुसी ऱ्हायनी. धर तिले, जमना, मन्हा हातमा नही येस ती, साबणनी वडी शे.

जमना : बसरा उतरला वाटतं जिभेवरून. उठू नका, डोंगी उलटेल; बसल्या बसल्या माझ्या फळीपाशी मागं सरका. राख घ्या. डावीकडं, फळीपाशी, पुरचुंडी. दोन्ही हातांना चोळा. मग धरा.

चुडामण : धरी. धरी लिधी. राखेनं हात सरकत नाही, खरंच की.

जमना : मान धरा, पाठीला काटे आहेत. दोरी तिच्याभोवती गुंडाळलीय, कापायला हवी. सुरी...

चुडामण : आहे माझ्या हातात.

जमना : केव्हा घेतलीत?

चुडामण : काय माहीत. वाम उजव्या हातानं गुडघ्याशी दाबून धरली होती, डावा खाली टाकला, तर मूठ हातात आली. कापली दोरी. आता कुठं टाकू हिला?

जमना : माझ्या मागच्या टोपलीत. झाकण नुसतं ढकला, बांबूच्या बिजागरीवर आहे, आपोआप मिटतं. हां. बसा आता. श्वास घ्या. धोतर ठीक करा, तिकडं काठावर बायका धुणं धुताहेत.

चुडामण : बघू दे त्यांना. किती दिवसांनी असा हसलो. पोट दुखतंय.

जमना : मलाही. आगबोटीवर हसत नव्हता का?

चुडामण : वाम धोतरात शिरल्याशिवाय कोण हसतं असं? जमना, एक बघ. मी फळीवर तुझ्या जागी बसून बघू का जरा? सरक पुढं. सांभाळून. हं. टोपली डाव्या हाताला. राख डाव्या हाताला. सुरी डाव्या हाताखाली. डब्याची सुतळी डावीकडं. मडकं मागं. काहीच वर नाही. हात छातीच्या वर न्यावा लागेल असं एकही काम नाही इथं.

जमना : मी ठेंगणी. उंचावर काही ठेवलं तर मलाही पोचत नाही.

चुडामण : वल्हंही खालून मारता येतं. खांदा दुखत नाही. दोरी सोडता येईल, ओढता येईल. साठ गळ म्हणजे कमी नाहीत. शंभर करू. पाचटाची आणखी एक वेणी घालायची.

जमना : आणि जाळं?

चुडामण : जाळं कोण टाकतं ह्या घरात?

जमना : मी. पण डाव्या खांद्यावरून. धुडकूकाका म्हणतात, उलटं टाकते.

चुडामण : टाक एकदा. मला बघायचंय.

जमना : तुम्ही धरा डोंगी. थोडी कातळाकडं घ्या. आणखी. बस.

(जमना डाव्या खांद्यावरून जाळं टाकते.)

जमना : कसं पडलं?

चुडामण : भाकरीसारखं गोल पडलं. माझं एवढं कधी पडलं नव्हतं, हात धड होता तेव्हासुद्धा. बापाचं पडायचं. हे कुणी शिकवलं?

जमना : माहेरी वल्हं शिकले, जाळं नाही. हे इथं शिकले. मानमोडीनंतर दोन महिने रोज गोळा होऊन पडायचं. म्हणून मघाशी मी हसले नाही.

चुडामण : मला डावीनं येईल?

जमना : दोन महिने गोळा होऊन पडेल.

चुडामण : शिकवशील?

जमना : शिकवीन. पण मी काही सारंग नाही, जेवण बंद करणार नाही. ओढा आता, झिंगे आलेत जाळ्यात. ऊन वर चढलं, आई घाटावर ताटकळल्या असतील.

(परत घाटावर.)

धनुबाई : ओ, देखा ह्यासले. सकायना गयात, आते उनात. मी म्हनं, बसराले गयात का काय दोन्ही. हाई काय रे, मांगे तू बठेल शे? आनी ती पुढे?

चुडामण : हां माय. मागं मी, पुढं ती. धुडकूकाका, असे उभे काय राहिलात, हात लावा डोंगीला. वाम मिळालीय. खांद्यानं आता जाळं होत नाही माझ्याच्यानं, बसऱ्याला दोरात उखडला. जाळं जमना टाकते. मी गळ बघणार आणि वल्हं मारणार.

धनुबाई : खांदा? काय व्हयनं खांदाले? माले कसं नही सांगं?

चुडामण : सांगतो, माय. सगळं सांगतो. आधी उतरू दे.

धनुबाई : मी परवाच हात ठेवा तव्हय समजी गयथू. तू सांगशी, म्हनीसन वाट देखी ऱ्हायंथू.

जमना : ह्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी कुणाला लिहीत नाही.

धनुबाई : चाला, भाकरी थंडी व्हई ऱ्हायन्यात. वामना दोन तुकडा धुडकूले दे, बाकी रस्सा करसूत. जमना, तू सामान काढ.

चुडामण : तू हात धू, जमना. सामान मी लावतो. जाळं खुंट्यांवर, पसरून. गळ वेणीत, पहिल्यापासून ओळीनं. पुढचं सगळं मागच्यासारखंच लावतो, डावीकडं. आणि पुरचुंडीत नवी राख लागेल, ती मी चुलीतून आणतो.

जमना : सगळी संपली?

चुडामण : निम्मी माझ्या धोतरात आहे. जमना, तू सकाळी केव्हा निघतेस?

जमना : धुकं असतं तेव्हा. तुम्ही झोपलेले असता.

चुडामण : उद्या मला हाक मार.